पेन्सिल पोर्ट्रेटमध्ये खरी वाटणारी त्वचा कशी आणायची? (सावळी, सुरकुतलेली, गोंदण असलेली)

रेघोट्या

नमस्कार मंडळी. आजीचं पोर्ट्रेट करतेय, नुसत्या ग्रॅफाइटमध्ये. सामान साधंच आहे: ए३ आकाराची आयव्हरी शीट, २एचपासून (कडक, फिकट) ८बीपर्यंतच्या (मऊ, गडद) पेन्सिली, कागदी स्टंप (छटा घोटायची कागदाची गुंडाळी), टिश्यू. आजी ऐंशीच्या पुढची, सगळं आयुष्य शेतात गेलेलं. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, त्यावर ठसठशीत कुंकू, नाकात चमकी. फोटो मोबाइलवर अंगणात काढलाय, सकाळच्या उन्हात.

साम्य आलंय, घरात सगळे ओळखतात. गाडी अडलीय ती कातडीवर. टिश्यूने घोटलं की चेहरा मेणाचा दिसतो. रंध्रं दाखवायला वरून ठिपके दिले की पुरळ उठल्यासारखं वाटतं. सुरकुत्या रेघेने काढल्या तर त्या कातडीत न बसता वर तरंगतात. व्हिडिओ भरपूर पाहिले, पण त्यात बहुतेक गोऱ्या, तरुण मुली असतात. आजीसारख्या रापलेल्या कातडीचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. आणि ते गोंदण शाईने वरून काढल्यासारखं दिसू नये, यासाठी काही उपाय?

एचबी_पुरे

खुर्ची टाकून बसलोय. मलाही हेच विचारायचं होतं.

काळा_खडू

ताई, टिश्यू जरा बाजूला ठेवा. कायमचा नको, आत्तापुरता.

आधी रंध्रं कुठे दिसतात ते बघू, कशी काढायची ते नंतर. ती चेहराभर सारखी दिसत नाहीत. पौर्णिमेच्या चंद्राकडे दुर्बिणीतून पाहिलंत तर विवरं सपाट वाटतात. अष्टमीला उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या कडेला तीच विवरं खोल दिसतात. चेहऱ्याचंही तसंच आहे. उजेड समोरून आदळतो तिथे पोत धुऊन जातो, गडद सावलीत तो बुडतो, आणि गाल जिथे वळतो, उजेड तिरका होतो, त्या मधल्या पट्ट्यात तो उठून दिसतो. विद्यार्थी नेमका हा पट्टा सोडून कपाळाच्या सगळ्यात उजळ भागावर ठिपके देत बसतात.

आता पुरळ का दिसतं ते. रंध्र म्हणजे खळगा. उजेड डावीकडून वरून येत असेल तर खळग्याची डावी-वरची कड आतल्या बाजूने गडद होते आणि समोरची, उजवी-खालची कड उजेड झेलते. तीळ, चामखीळ, फोड यांचं बरोबर उलटं: उजेडाकडची बाजू उजळ आणि पलीकडे सावली. आपण नुसता गडद ठिपका देतो तेव्हा त्याला दोन्हींपैकी काहीच नसतं, मग डोळा त्याला डाग समजतो. आणि चुकून उजळ कड वरच्या बाजूला गेली, तर खळग्याची पुटकुळी होते.

म्हणून मी ठिपके देतच नाही. २एचला ब्लेडने लांब टोक काढायचं, पॉलिश पेपरवर फिरवून सुईसारखं करायचं आणि एकमेकांवर चढणारी अगदी बारीक, वेडीवाकडी वेटोळी काढत गाल भरायचा. दाब मुद्दाम कमीजास्त. वर एचबीचा तसाच एक थर. मग मळायचा खोडरबर चिमटीत दाबून टोकदार करायचा आणि तिरक्या उजेडाच्या पट्ट्यात टिपत जायचं. घासायचं नाही, फक्त टेकवून उचलायचं. जे उजळ कण उरतात त्यांच्या मधल्या जागा आपोआप रंध्रं वाटायला लागतात. शेवटी त्यातल्या मोजक्या जागांना धारदार एचने वरची कड द्यायची. मोजक्याच, सगळ्यांना नाही. तालुक्याच्या गावी असा खोडरबर मिळत नसेल तर पोस्टर चिकटवायला ब्लू टॅक म्हणून जो मऊ गोळा मिळतो तो चालतो.

सुरकुतीचं पुढच्या प्रतिसादात सांगतो, शाळेची घंटा झाली.

कमी_रेषा

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. हे सगळं कशासाठी? मोबाइल एका क्षणात रंध्रासकट फोटो देतो. फ्रेंच चित्रकार आंग्रने रोममध्ये पोटापाण्यासाठी प्रवाशांची पेन्सिलचित्रं काढली. चेहऱ्यावर हलकीशी छटा, कपडे जवळपास नुसत्या रेषेत, एकही रंध्र नाही. दोनशे वर्षांनंतरही ती माणसं आत्ता बोलतील असं वाटतं. आपल्याकडे पोर्ट्रेटकार वासुदेव कामतांची प्रात्यक्षिकं ज्यांनी पाहिलीत त्यांना माहीत आहे, त्वचा छटांच्या अचूकपणातून येते, ठिपक्यांतून नाही. आजीचं साम्य आलंय ना? मग थांबा की.

काळा_खडू

@कमी_रेषा, आंग्रचा दाखला मान्य. पण त्याच्यासमोर बसणारे बहुतेक खात्यापित्या घरचे, उन्हापासून जपलेले चेहरे होते. जर्मन चित्रकार ड्यूररने १५१४ मध्ये कोळशाने काढलेलं आईचं चित्र बघा, बर्लिनला आहे. आई ६३ वर्षांची, अठरा मुलांची आई, आणि चित्र काढल्यावर दोनेक महिन्यांत गेलेली. कपाळावरच्या वळ्या, गळ्याच्या ताणलेल्या शिरा, गालाची हाडं हे सगळं त्याने काढलंय. ते काढून टाका, मग ती बाई कोण उरते? तिथे कातडी हाच विषय आहे. ताईंच्या आजीचंही तेच.

रंध्रं मोजत बसू नये एवढं तुमचं पूर्ण मान्य.

आता सुरकुती. ती रेघ नाही, दोन उंचवट्यांमधली घळ आहे. तिची एक कड धारदार असते आणि दुसरी कड हळूहळू उजळत जाऊन शेजारच्या उंचवट्यात मिसळते. रेघेच्या दोन्ही कडा सारख्या धारदार असल्या की ती वर तरंगते, तुमचं तेच होतंय. पद्धत सांगतो. आधी उंचवट्यांची मऊ छटा द्या, सुरकुती नाहीच असं समजून. मग घळीची गडद बाजू एचबीने, तिसऱ्या पायरीवर खोडरबराच्या धारेने तिला लागून असलेला उंचवटा उचला. सगळ्यात खोल जागी, एक-दोन मिलिमीटरपुरतंच, ४बीचं टोक टेकवा. सुरकुती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच गडदपणाची नसते, मध्येच ती हरवते. हरवू द्या.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला स्थिरचित्रात आपण मडक्याची गोलाई छटेने काढतोच की, कडेला जाड रेघ मारत नाही. सुरकुती तशीच, फक्त दहापट लहान.

एचबी_पुरे

"हरवू द्या" साठी +१. माझ्या सुरकुत्या कधीच हरवत नाहीत, सगळ्या हजर असतात.

चर्मचक्षू

पेशाने त्वचारोगतज्ज्ञ, चित्रकलेत ढ. पण कातडीविषयी थोडं सांगू शकते, त्याचा उपयोग होईल असं वाटतं.

चेहऱ्यावर जी रंध्रं डोळ्यांना दिसतात ती मुख्यतः केसांच्या मुळांची आणि त्यांना जोडलेल्या तेलग्रंथींची तोंडं. त्यामुळे जिथे तेलग्रंथी मोठ्या तिथे ती मोठी: नाकाचा शेंडा, नाकपुड्यांच्या बाजू, गालाचा नाकालगतचा भाग, भुवयांच्या मधली जागा. कानाकडे जाताना ती बारीक होत जातात. ओठाच्या लाल भागात केस नाहीत, म्हणून तिथे रंध्रं काढू नका, तिथे उभ्या घड्या असतात. खालच्या पापणीची कातडी शरीरातल्या सगळ्यात पातळ कातड्यांपैकी. तिथे ठिपके जवळपास नाहीतच, फार बारीक जाळी असते. आणि वय झालं, कातडी सैल झाली की गालावरची गोल रंध्रं ओढली जाऊन लंबगोल होतात. ती ज्या दिशेने लांबट झालीत त्यावरून गाल कुठे ओघळलाय ते कळतं.

उन्हाचा भाग वेगळा सांगते. उन्हाने कातडीतले लवचीक तंतू बिघडतात, ती जाड होते आणि घड्या खोल पडतात. आयुष्यभर वाकून शेतात राबलेल्या माणसाच्या मानेवर मागून चौकटीचौकटीची, शंकरपाळ्यांच्या आकाराची नक्षी पडते, तिला आमच्याकडे लांबलचक लॅटिन नाव आहे. रेघोट्याताई, तुमचं चित्र समोरून असेल तर मान मागून दिसणार नाही, पण गळ्याच्या बाजूला त्याच चौकटी थोड्या दिसतील. उलट हनुवटीच्या खाली, जिथे चेहऱ्याचीच सावली पडते, तिथली कातडी बऱ्याचदा गुळगुळीत आणि उजळ राहते. चेहऱ्याइतक्याच सुरकुत्या तिथेही काढल्यात तर ते खोटं वाटेल, कारण सांगता येणार नाही पण वाटेल.

रेघोट्या

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून आजीकडे जाऊन आले, चष्मा लावून हनुवटीखाली बघत बसले. ती म्हणाली, "काय गं, ढेकूण शोधतेस का?" पण खरंच, तिथली कातडी वेगळीच आहे!

एक अडचण: फोटोत हे काहीच दिसत नाही. मोठं करून पाहिलं तर गालावर नुसता धुरकट रंग.

आखाती_पेन्सिल

फोटोत दिसणारच नाही. हल्लीचे मोबाइल फोटो साठवण्याआधीच दाणे घालवतात, आणि त्यांच्या हिशेबात रंध्र म्हणजे दाणाच. ब्यूटी मोड बंद केलात तरी थोडी सफाई होतेच. त्यातून जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे जातात. दीड-दोन मीटर लांब उभं राहा, दुसरी लेन्स असेल तर दुप्पट झूम, आणि उघड्या उन्हाऐवजी खिडकीजवळ बसवा, उजेड एका बाजूने. साम्यासाठी अंगणातला फोटो ठेवा आणि पोतासाठी वेगळे तुकडे काढा: नुसता गाल, नुसतं कपाळ. उजेडाची दिशा मात्र तीच हवी. नाहीतर काळा_खडू सरांचे खळगे आणि पुटकुळ्या एकाच गालावर नांदतील.

कागदाबद्दल. आयव्हरी शीट गुळगुळीत आहे हे चांगलं, पण ती थर कमी घेते. दोन-तीन थरांनंतर पेन्सिल घसरायला लागते आणि तुम्ही दाब वाढवता. दाब वाढला की ग्रॅफाइटचे चपटे कण आडवे पडून चकाकतात, आणि सावळ्या चेहऱ्यावर ही चकाकी फार नडते, गडद भागच बाजूने पाहिल्यावर पांढरे दिसतात. जमल्यास हॉट प्रेस्ड (गरम दाबून गुळगुळीत केलेला) कागद किंवा गुळगुळीत ब्रिस्टल (जाड, पुठ्ठ्यासारखा कागद) घ्या. साधा कार्ट्रिज कागद या कामाला नको. त्याचा दाणा गालावर रंध्रांसारखा दिसतो म्हणून आपण खूश होतो, पण तोच दाणा डोळ्याच्या बुबुळावर आणि दातांवरही उमटतो.

सावळ्या त्वचेसाठी बहुतेक जण पहिल्याच थराला ६बी उचलतात. मऊ पेन्सिल कागदाचे खळगे एकदम बुजवते आणि मग वर बारीक काही बसत नाही. एचबी आणि २बी यांचे हलके थर चढवत जा, ४बी उशिरा. नाकपुडीचा आतला भाग, पापणीची कड अशा अगदी खोल जागांना कार्बनचं प्रमाण जास्त असलेली पेन्सिल घ्या, ती चमकत नाही. स्टेडलरची लुमोग्राफ ब्लॅक आहे, फेबर-कॅस्टेलची पिट ग्रॅफाइट मॅट १४बीपर्यंत मिळते. कोळसा वापरणार असाल तर आधी कोळसा, मग ग्रॅफाइट. घोटलेल्या ग्रॅफाइटवर कोळसा धरत नाही.

आणि मुख्य मुद्दा. कातडीच्या वरच्या पृष्ठभागावरून थेट परत फिरणारा उजेड, म्हणजे नाकाच्या शेंड्यावरची, गालफडावरची चमक, ही गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास तेवढीच असते. आतून परतणारा उजेड मात्र सावळ्या त्वचेत कमी. म्हणून सावळ्या चेहऱ्यावर चमक उठून दिसते आणि पोत त्या चमकेतच दिसतो: ती सलग नसते, कणाकणांत फुटलेली असते. गोऱ्या चेहऱ्यासाठी सरांनी सांगितलेला वळणाचा पट्टा महत्त्वाचा, सावळ्यासाठी त्याच्या जोडीला ही फुटलेली चमक. नायजेरियाचा अरिंझे स्टॅनली किंवा लंडनचा केल्विन ओकाफोर यांची चित्रं मोठी करून पाहा, चमक कशी फोडलीय ते दिसेल. चमकेची जागा पहिल्यापासून कोरी सोडू नका. तिथे हलका थर द्या आणि मग खोडरबराच्या टोकाने कण उचला. कोरा कागद सोडला की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं.

कमी_रेषा

हे पटलं. चमक फोडायची हे छटेचंच काम आहे, माझा त्याला विरोध नाही :)

तरी ए३ वर रंध्रं काढण्याचा अट्टहास मला कळत नाही. हिशेब करा. ए३ कागदावर डोकं-खांदे घेतले तर चेहरा फार तर खऱ्या चेहऱ्याएवढा येतो. रंध्र मिलिमीटरच्या काही दशांशांएवढं. यांत्रिक पेन्सिलचं ०.५ मिलिमीटरचं शिसंही त्याहून जाड. मग काढताय काय? अमेरिकन चित्रकार चक क्लोजने १९६७-६८ मध्ये स्वतःचा चेहरा रंगवला तेव्हा कॅनव्हास २७३ सेंटिमीटर उंच घेतला होता. त्या मापावर दाढीचा खुंट आणि रंध्र यांना जागा असते. (ते ॲक्रिलिक होतं, पेन्सिल नव्हे, पण मुद्दा मापाचा आहे.)

काळा_खडू

मापाचा हिशेब बरोबर. म्हणूनच ए३ वर रंध्र काढता येत नाही, फक्त सुचवता येतं, आणि म्हणूनच वेटोळी आणि खोडरबर. टॅबवर गाल दहापट मोठा करून एकेक रंध्र उतरवणं हा सगळ्यात हमखास फसणारा मार्ग. जवळून झकास दिसतं, हातभर लांब गेलं की गालाची गोलाईच गेलेली. दर थोड्या वेळाने डोळे बारीक करून बघा. पोत दिसेनासा झाल्यावरही गोलाई शाबूत हवी.

निगेटिव्ह

मंडळी, धागा वाचून राहवलं नाही. आमच्या घरचा फोटो स्टुडिओ होता मिरजेला, वडील आणि काका मिळून चालवायचे. तुम्ही सगळे पेन्सिलीने कातडी आणायला बघताय, आमचे काका आयुष्यभर पेन्सिलीने कातडी घालवत होते.

कसं ते सांगतो. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. सुरकुतीची सावली, देवीचा व्रण, डोळ्याखालचं काळं हे सगळं निगेटिव्हवर पातळ, पारदर्शक दिसतं. तिथे घट्टपणा भरला की छापताना ती जागा उजळ येते. मग काका रिटचिंग डेस्कवर बसायचे: उतरती दुधी काच, खाली आरसा लावून खिडकीचा उजेड वर घेतलेला. निगेटिव्हच्या इमल्शनवर, म्हणजे प्रतिमा ज्या थरात असते त्यावर, राळेचं पातळ द्रावण चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. आणि मग कडक पेन्सिलीच्या लांबलचक टोकाने बारीक वेटोळी, स्वल्पविराम, काड्या, भिंगातून बघत. काळा_खडू सर, तुमची वेटोळी वाचून काकांची आठवण झाली, हाताची चाल अगदी तीच. ते भरायचे खळगे, तुम्ही करताय खळगे.

याचा तुम्हाला उपयोग काय? जुन्या स्टुडिओ फोटोवरून पोर्ट्रेट करायची मागणी फार येते, घरातलं वडीलधारं माणूस गेलं की. पासपोर्ट साइझचा नाहीतर लग्नातला फोटो घेऊन लोक येतात. त्या फोटोतली कातडी बऱ्याचदा माणसाची नाही, रिटचिंगवाल्याची असते. त्यावरून रंध्रं, सुरकुत्या शोधू नका, सापडणार नाहीत. गळा आणि हात बघा. आमच्याकडे तरी चेहऱ्यावर जेवढी मेहनत व्हायची तेवढी हातांवर कुणी करत नसे, गिऱ्हाईक हात बघत नाही. हातांच्या कातडीवरून माणसाचं वय आणि काम कळतं, त्यावरून चेहऱ्याचा अंदाज बांधा.

आणि घरच्यांना विचारा. एका पोर्ट्रेटच्या वेळी नातवाने आजोबांचा गुळगुळीत फोटो आणून दिला होता. चित्र तसंच गुळगुळीत झालं. आजोबांच्या धाकट्या बहिणीने बघितलं आणि म्हणाल्या, "आण्णाला देवीचे व्रण होते की. हा कोण?" ते व्रण आमच्यासारख्याच कुणा स्टुडिओत भरले गेले असणार.

चर्मचक्षू

@निगेटिव्ह, दंडवत! फार छान माहिती.

देवीच्या व्रणांबद्दल पुरवणी. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण नाही, १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. त्यामुळे पन्नाशीच्या आतल्या चेहऱ्यावर ते दिसणार नाहीत, पण जुन्या पिढीत अजून आहेत आणि पोर्ट्रेटमध्ये येणारच. ते रंध्रांची मोठी आवृत्ती नव्हेत. कड जास्त स्पष्ट, तळ सपाट आणि गुळगुळीत, कारण तिथल्या तेलग्रंथी आणि केसांची मुळं गेलेली असतात. व्रणाच्या आत रंध्रं काढू नका.

निगेटिव्ह

डॉक्टर, बरोबर. "तळ सपाट" हे काका नेहमी म्हणायचे. आता कळलं का ते.

घारे_डोळे

वाचनखूण साठवली. अवांतर: मी रंध्रांसाठी कोऱ्या कागदावर आधी संपलेल्या बॉलपेनच्या रिफीलने ठिपके दाबून घेते, मग वरून पेन्सिल. दाबलेल्या जागी पेन्सिल पोचत नाही आणि ते पांढरे राहतात. हे बरोबर की चूक?

काळा_खडू

पांढऱ्या मिशा, कानावरची लव, भुवईतले पिकलेले केस यांना हे तंत्र उत्तम. रंध्रांना नको. दाबलेली जागा पांढरी राहते, रंध्र गडद असतं. शिवाय एकदा दाबलं की ते मागे घेता येत नाही.

रेघोट्या

गोंदणाचं कुणीच बोललं नाही अजून :(

चर्मचक्षू

मी बोलते. गोंदणाची शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, त्याखालच्या थरात असते. वर पारदर्शक थर आहेच. वर्षानुवर्षं शाई थोडी पसरत जाते, म्हणून जुन्या गोंदणाच्या कडा विरतात. म्हणजे तुम्ही शाई बघता ती कातडीतून बघता, आणि कातडीची चमक, रंध्रं, सुरकुत्या हे सगळं तिच्या वर असतं. चित्रात हे कसं उतरवायचं ते सर सांगतील.

काळा_खडू

डॉक्टरांनी निम्मं काम केलं. मग क्रम ठरतो: गोंदण सगळ्यात आधी. कपाळाची पहिली हलकी छटा झाली की लगेच गोंदणाचे ठिपके-रेषा एचबीने, विरलेल्या कडांनी, थोडे फिकटच काढा. मग त्यावरून कपाळाचे पुढचे थर, वेटोळी, खोडरबराचे कण, सगळं गोंदण नाहीच असं समजून चढवा. कपाळावरची चमक गोंदणावरून न अडखळता जायला हवी. सुरकुती गोंदणातून गेली असेल तर गोंदण सुरकुतीसोबत वाकलेलं हवं. शेवटी गोंदण फिकट झालंय असं वाटलं तरी वरून गडद करू नका. कडेने हलकेच भर घाला, चमकेला हात न लावता.

कुंकवाचं नेमकं उलटं. ते कातडीवर बसलेलं आहे, कोरडं आहे, चमक खातं. म्हणून ते शेवटी. त्याच्या जागी रंध्रं नाहीत, चमक नाही. आजी मेण लावून कुंकू लावत असतील तर कड गोल, नेटकी आणि किंचित जाडीची, खालच्या कडेला केसाएवढी सावली. नुसतं बोटाने लावत असतील तर कड भुरभुरीत आणि कपाळाच्या आडव्या रेघांत थोडं उतरलेलं. कार्बनची पेन्सिल इथेही कामाला येईल, ती निस्तेज दिसते. टिकली असती तर सोपं होतं, पण आजी टिकलीवाल्या वाटत नाहीत.

चमकीबद्दल फार विचार नको. एक कोरा ठिपका, शेजारी सगळ्यात गडद काळा, झालं.

आखाती_पेन्सिल

कुंकवावरून आठवलं. फोटो मोबाइलमध्ये कृष्णधवल करून त्यावरून छटा घेत असाल तर जपून. लाल रंग कृष्णधवलात किती गडद येईल हे ॲपवर अवलंबून असतं. बऱ्याच ॲपमध्ये सावळं कपाळ आणि लाल कुंकू जवळपास एकाच राखाडीत येतात आणि कुंकू चक्क गायब होतं. रंगीत फोटो शेजारी ठेवा आणि कुंकवाची छटा डोळ्याने ठरवा. प्रत्यक्षापेक्षा थोडं गडद घेतलं तरी चालेल, बघणाऱ्याचा डोळा कपाळावर कुंकू शोधतोच.

रेघोट्या

आजी मेण लावूनच लावते, छोटी डबी आहे तिची. गोंदण आधी हे डोक्यातच आलं नव्हतं. हे चित्र आहे तसं ठेवते आणि नव्या कागदावर नुसतं कपाळ करून बघते आधी. ब्रिस्टल मागवलाय.

एचबी_पुरे

टिश्यू मग कायमचाच गेला का? सरांनी "आत्तापुरता" म्हटलं होतं.

काळा_खडू

नाही. पार्श्वभूमीला, केसांच्या खालच्या थराला, लुगड्याच्या मोठ्या सावल्यांना वापरा. चेहऱ्यावर पहिला थर बसवायला मऊ गोल ब्रश बरा, मेकअपचा जुना चालतो. तो ग्रॅफाइट पसरवतो पण कागदात घोटत नाही. बोट मात्र कुठेच नको. बोटाचं तेल कागदात शिरलं की तिथे पेन्सिल वेगळीच धरते आणि तो डाग खोडरबरालाही निघत नाही. तळहाताखाली कोरा कागद ठेवायचा, हे शाळेत सांगून सांगून माझा घसा बसलाय.

घारे_डोळे

आणि फिक्सेटिव्ह (चित्र पुसू नये म्हणून मारायचा फवारा)? मी रत्नागिरीला असते. पावसाळ्यात कागद इतका दमट होतो की पेन्सिल नीट लागतच नाही, आणि झालेलं चित्र पुसट होईल अशी भीती वाटते. काही जण केसांचा स्प्रे मारतात.

आखाती_पेन्सिल

केसांचा स्प्रे नको, काही वर्षांत पिवळा पडतो. चित्रकलेचा फिक्सेटिव्हसुद्धा लांबून, पातळ, दोन हलके फवारे एवढाच. जाड मारलात तर खोडरबराने उचललेले बारीक कण मंदावतात आणि सगळी मेहनत पाण्यात. आधी वाया गेलेल्या तुकड्यावर मारून बघा. चित्र लगेच फ्रेम करणार असाल तर मी मारतच नाही.

निगेटिव्ह

फ्रेमवाल्याला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावायला सांगा, काच चित्राला टेकता कामा नये. कोकणात तर नक्कीच. काचेला आतून दमटपणा धरतो आणि ग्रॅफाइट काचेला उतरतं. आमच्याकडे फोटोंच्या फ्रेमही होत असत. ओला कागद कधी फ्रेममध्ये घालू नका. चित्र आणि मागचा पुठ्ठा दोन्ही कोरड्या खोलीत, पंख्याखाली दोन दिवस ठेवून मगच बंद करायचं. आणि मागून टेप पूर्ण मारायची, नाहीतर वाळवी आणि कसर.

घारे_डोळे

कसर! हो, तो वेगळा धागा होईल. धन्यवाद काका.